मोटरहोमचा डिझेल-काटा खोटा दाखवतोय? अर्थपासून फ्लोटपर्यंत तपासणी कशी करावी

आंबा घाट चढून वर आलो तेव्हा डिझेलचा काटा पाव टाकीच्या रेघेवर होता. साखरप्याला पंप लागला होता. पण सत्तर लिटरच्या टाकीत पाव म्हणजे सतराएक लिटर, कोल्हापूर सहज गाठू, असा हिशेब करून पुढे निघालो होतो. मलकापूरच्या अलीकडे एका चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं. काटा तेव्हाही पाव टाकीवरच होता. गाडीत आई, बायको आणि दोन्ही मुलं होती, बाहेर पाऊस होता, आणि वळणावर उभी असलेली साडेतीन टनांची गाडी मागून येणाऱ्या ट्रकला ऐनवेळी दिसणार होती.

मलकापुरातून एक ऑटो इलेक्ट्रिशियन मोटरसायकलवर दहा लिटर डिझेल घेऊन आला. लाइनमधली हवा काढून गाडी सुरू झाल्यावर मी त्याला म्हटलं, "टाकीतलं युनिट गेलेलं दिसतंय, नवीन टाकून देता का?" तो म्हणाला, "युनिटची घाई करू नका साहेब. आधी अर्थ बघूया की." अर्थ म्हणजे अर्थिंग, गाडीच्या निगेटिव्हशी असलेला जोड. मग त्याने मला ब्रेक दाबायला सांगितलं. मी पाय दिला आणि काटा पावच्या वर सरकला. पाय काढला, खाली आला. गेली दोन वर्षं ही गाडी मी चालवत होतो, पण ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नव्हती.

त्या दिवशी एक दोष सापडला. दुसरा घरी आल्यावर दोन रविवार घालवून शोधला. त्या सगळ्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. कारण आपल्याकडे व्हॅन किंवा मिनीबसवर मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, बांधून घेणारी कुटुंबं आता बरीच झाली आहेत, आणि या गाड्यांमध्ये काटा बिघडण्याची कारणं साध्या कारपेक्षा वेगळी असतात. नव्या कॉमन-रेल इंजिनाचा हाय-प्रेशर पंप डिझेलवरच वंगण घेतो. टाकी कोरडी पडणं म्हणजे नुसता खोळंबा नाही, पंपाला इजा होऊ शकते.

काटा नेमकं काय मोजतो

काटा डिझेल मोजत नाही, रेझिस्टन्स, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, मोजतो. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. टाकीत एका दांडीला तरंगणारा फ्लोट असतो. डिझेल कमी-जास्त झालं की दांडी वर-खाली होते आणि तिच्या टोकाचा छोटा स्पर्शक रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकतो. फ्लोट, दांडी आणि पट्टी मिळून जे युनिट होतं त्याला सेंडर म्हणतात. डॅशबोर्डवरच्या मीटरकडून एक वायर या पट्टीकडे येते आणि पट्टीची दुसरी बाजू अर्थला, म्हणजे गाडीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. किती ओहम लागले यावरून मीटर काटा ठरवतं. म्हणजे वाटेत कुठेही, वायरला, कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) किंवा अर्थच्या बोल्टला, जास्तीचे ओहम शिरले तर मीटर ते डिझेलच्या खात्यात धरतं.

वेगवेगळ्या गाड्यांचे ओहम वेगवेगळे असतात. युरोपीय पद्धतीच्या व्हीडीओ (VDO) कंपनीच्या सेंडरमध्ये रिकाम्या टाकीला सुमारे १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम असतात. अमेरिकेत बाजारात सुटे मिळणारे बहुतेक सेंडर बरोबर उलटे, रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. जुन्या जनरल मोटर्स गाड्यांत ० ते ९० आणि १९८७ नंतरच्या फोर्डच्या ट्रक-व्हॅनमध्ये साधारण १६ ते १५८. अमेरिकेतल्या आपल्या काही लोकांनी जुनी फोर्ड व्हॅनवर बांधलेली मोटरहोम घेतलेली असते, त्यांना हा शेवटचा आकडा उपयोगी पडेल. तुमच्या गाडीचे आकडे ज्या मूळ गाडीवर मोटरहोम बांधलं तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील. ते हाती असल्याशिवाय पुढचं काम सुरू करू नका.

आकड्यांची दिशा एवढी महत्त्वाची का, ते एका उदाहरणात पाहा. समजा तुमची गाडी १० ते १८० ची आहे आणि गंजलेल्या अर्थमुळे वाटेत ३० ओहम जास्तीचे आले. टाकी पूर्ण रिकामी असताना मीटरला १० ऐवजी ४० ओहम दिसतील. १७० ओहमच्या पल्ल्यात हे ३० म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. सत्तर लिटरच्या टाकीत नसलेलं बारा लिटर डिझेल काटा दाखवेल. हाच गंज २४० ते ३३ च्या गाडीत असेल तर उलट होईल. टाकी भरलेली असूनही काटा पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास अडकेल. म्हणजे एका गाडीत खराब अर्थ तुम्हाला रस्त्यात सोडतो आणि दुसऱ्या गाडीत विनाकारण पंपावर नेतो. तुमचा सेंडर कुठल्या जातीचा आहे हे कळलं की कुठल्या चुकीला जास्त घाबरायचं तेही कळतं.

हाताशी काय ठेवायचं

डिजिटल मल्टिमीटर, तोही शक्यतो किमान-कमाल आकडा धरून ठेवणारा. चिमटे लावलेल्या दोन-तीन जंपर वायर. १०, ४७, १०० आणि १८० ओहमचे एक-एक वॉटचे रेझिस्टर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळीत मिळतात. वायर ब्रश, बारीक सँडपेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, व्हॅसलिन, टॉर्च. आणि एक वही. वहीशिवाय हे काम होत नाही, असं मी अनुभवाने सांगतो.

आधी लक्षणं वहीत उतरवा

हात काळे करण्याआधी आठवडाभर काट्याचं वागणं लिहून ठेवा: किती किलोमीटरला काटा कुठे होता, कधी उडाला, तेव्हा कुठला दिवा चालू होता. निम्मं निदान या नोंदींतच होतं.

ब्रेक, इंडिकेटर किंवा हेडलाइटबरोबर काटा हलत असेल तर अर्थ. इंडिकेटरच्या ठेक्यावर काटा नाचत असेल तर शंकाच उरत नाही. डिझेलबरोबर तापमानाचा काटाही एकदम सरकत असेल तर टाकीकडे जाऊच नका, मीटरला मिळणारा पुरवठा किंवा मीटरची स्वतःची अर्थ बघा. जुन्या गाड्यांत मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझरही बघा. ठराविक एकाच जागी काटा पडतो आणि पुढे पुन्हा नीट चालतो, तर पट्टी त्या जागी झिजली आहे. वरच्या अर्ध्यात बरोबर आणि खालच्या अर्ध्यात चूक, तर दांडी कुठेतरी अडते आहे किंवा वाकली आहे. काटा कायम रिकाम्यावर किंवा कायम भरलेल्यावर असेल तर वायर तुटली आहे किंवा कुठेतरी चेसिसला चिकटली आहे. काटा हळूहळू, महिन्यागणिक कमी दाखवायला लागला असेल तर फ्लोटमध्ये डिझेल शिरत असण्याची शक्यता मोठी.

काही गोष्टी मात्र दोष नसतात. मुक्कामाला गाडी उतारावर उभी असेल तर डिझेल एका बाजूला जातं आणि सकाळी काटा वेगळा दिसतो. मोटरहोममध्ये हे जास्त जाणवतं, कारण आपण जागा मिळेल तिथे रात्र काढतो. तपासणी नेहमी सपाट जागेवर, गाडी पाच मिनिटं स्थिर ठेवून करा. नव्या गाड्यांतलं मीटर डिझेल हिंदकळल्याने काटा नाचू नये म्हणून मुद्दाम सावकाश हलतं, म्हणून इग्निशन चालू ठेवून डिझेल भरलं तर काटा कित्येक मिनिटं जुनाच आकडा दाखवत राहतो. डिझेल भरताना इग्निशन बंदच असायला हवं, हे तसंही पंपावरचं पहिलं पथ्य.

अर्थची तपासणी

ही तपासणी टाकी न उतरवता होते आणि मोटरहोममध्ये बहुतेकदा दोष इथेच सापडतो. कारण सरळ आहे. मूळ गाडीच्या कारखान्यात अर्थचे बिंदू ठरलेले असतात. मग बॉडी बनवणारे येतात आणि मागचे एलईडी दिवे, पार्किंग कॅमेरा, पायरीचा दिवा, पाण्याचा पंप, जे सापडेल त्याची काळी वायर जवळच्या बोल्टला बांधतात. माझ्या गाडीत सेंडरच्या अर्थच्या बोल्टवर पाच वायरी होत्या आणि त्यांच्या खाली चेसिसचा रंग तसाच होता. रंगावर बसवलेली अर्थ ही नावापुरतीच. त्यात गाडी दर हिवाळ्यात गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर मुक्कामाला, तेव्हा खारी हवा आणि गंज.

तपासणी अशी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावा. घरातल्या दिवे-फ्रिजच्या बॅटरीला नव्हे, हा गोंधळ मोटरहोममध्ये सहज होतो. वायर आखूड पडली तर जंपरने वाढवा. लाल पिन सेंडरच्या अर्थ वायरला. इग्निशन चालू करा. आता कुणाला तरी ब्रेक दाबायला, इंडिकेटर लावायला, हेडलाइट चालू करायला सांगा. मल्टिमीटरवर ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसलं पाहिजे. माझ्याकडे ब्रेक दाबल्यावर व्होल्टभरापेक्षा जास्त दिसत होतं. ब्रेकचे २१ वॉटचे दोन बल्ब साडेतीन अँपियर ओढतात. हा करंट गंजलेल्या बोल्टमधून जाताना जो अडथळा होतो, त्याने सेंडरची अर्थ वर उचलली जाते आणि मीटरला वाटतं डिझेल वाढलं.

हा दोष ओहमवर शोधू नका. ओहमच्या तपासणीत मल्टिमीटर अगदी थोडा करंट पाठवतो, आणि एकाच तारेच्या धाग्यावर लटकलेली वायरही त्याला ठणठणीत वाटते. करंट वाहत असताना व्होल्ट मोजले तरच दोष उघडा पडतो.

इलाज: बोल्ट काढा, चेसिस वायर ब्रशने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, टोकं घासा, दात असलेला वॉशर टाकून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा. व्हॅसलिन जोडाच्या आत भरू नका, जोड झाल्यावर वरून. सेंडरच्या अर्थला शक्यतो स्वतंत्र बोल्ट द्या आणि दिव्यांच्या वायरी दुसरीकडे हलवा. काही नव्या गाड्यांत सेंडरची अर्थ चेसिसला नसतेच, ती वायर परत मीटरपर्यंत जाते. तिथे चेसिसला जोड देऊन "सुधारणा" करू नका, नवा दोष तयार होईल. टाकीपासून मीटरपर्यंतची ती वायर आणि तिचे कपलर तपासा.

दोष मीटरकडे की टाकीकडे

अर्थ नीट केल्यावरही काटा चुकत असेल तर आता साखळीचे दोन तुकडे करायचे. टाकीजवळचं कपलर काढा. हे बहुतेक गाड्यांत टाकीवर किंवा तिच्या बाजूच्या चेसिसच्या पट्टीवर असतं.

मीटरकडून आलेल्या बाजूच्या दोन वायरींमध्ये तुमच्या सेंडरच्या आकड्यांनुसार एक-एक रेझिस्टर जोडा. १० ते १८० च्या गाडीत आधी १० ओहम जोडा, इग्निशन चालू करा, दोन मिनिटं थांबा, काटा रिकाम्यावर गेला पाहिजे. १०० ला अर्ध्याच्या जवळपास, १८० ला भरलेल्यावर. तिन्ही ठिकाणी बरोबर आलं तर मीटर आणि वायरिंग दोन्ही निर्दोष आहेत आणि तुमचा दोष टाकीत आहे. चुकलं तर हीच तपासणी मीटरमागच्या कपलरवर करा. तिथे बरोबर आणि टाकीजवळ चूक, म्हणजे मधली वायर. दोन्हीकडे चूक, म्हणजे मीटर.

जुने मिस्त्री रेझिस्टरऐवजी वायर सरळ चेसिसला टेकवून काटा टोकाला जातो का बघतात. जुन्या गाड्यांत ते चालून जायचं. नव्या गाडीत सेंडरची खबर संगणकाकडे जाते. तिथे वायर चेसिसला टेकवली किंवा तुटली तर तो बिघाड समजून काटा शून्यावर आणतो आणि तुम्हाला चुकीचं उत्तर मिळतं. एकापेक्षा जास्त वायरी असलेल्या कपलरमध्ये पंपाची १२ व्होल्टची वायरही असू शकते. ती चुकून सेंडरला लागली तर पट्टी जळेल. रेझिस्टरच वापरा, आणि वायर कुठली ते मॅन्युअलच्या आकृतीवरून पक्कं केल्यावरच. मिनीबसच्या किंवा ट्रकच्या मोठ्या चेसिसवर २४ व्होल्ट असू शकतात, तेही आधी बघून घ्या.

मधल्या वायरीत दोष असेल तर आधी बॉडीवाल्यांनी जिथे हात लावला तिथे शोधा: जिथे वायर कापून वाढवली आहे, जिथे चिमट्यासारखा जोड टोचून दुसऱ्या दिव्यासाठी फाटा काढला आहे, जिथे पाण्याच्या टाकीच्या पट्टीखालून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, दाबून नेला आहे. मल्टिमीटर किमान-कमाल आकड्यावर ठेवा आणि हार्नेस वीत-वीत हलवत जा. आकडा उडाला की तीच जागा.

टाकी उतरवण्याआधी

इथून पुढचं काम डिझेलशी आहे, आणि मोटरहोममध्ये आपण घरही बरोबर घेऊन फिरतो. गॅस सिलिंडर बंद करा, नळीतला गॅस संपवा, फ्रिज गॅसवर असेल तर बंद, जनरेटर बंद, डिझेल हीटर बंद, इन्व्हर्टर बंद. गाडी पेट्रोलची असेल तर हे काम मोकळ्या हवेतच, आणि अनुभवी माणूस बरोबर असेल तरच करा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. कोरडी पावडर असलेला अग्निशामक हाताशी ठेवा.

आता बॅटरीचं टोक काढायचं. पण मोटरहोममध्ये एक टोक काढून भागत नाही. दोन बॅटऱ्या, त्यांच्यामधला चार्जर, वरचे सोलर पॅनल, बाहेरची वीज, हे सगळे आपापल्या वाटेने वीज देत राहतात. बाहेरची वीज काढा, आधी सोलर पॅनल कंट्रोलरपासून सोडवा, मग दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह टोकं. मल्टिमीटरने सेंडरच्या कपलरवर शून्य व्होल्ट आहे याची खात्री करा.

टाकी शक्य तेवढी रिकामी असताना काम करा. डिझेलचं वजन लिटरला सुमारे ८३० ग्रॅम, म्हणजे सत्तर लिटर भरलेल्या टाकीत टाकीचं वजन सोडून अठ्ठावन्न किलो. जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली जाऊ नका. रॅम्प किंवा स्टँड लावून, चाकांना ठोकळे लावून मगच.

काही मूळ गाड्यांत सेंडरवर वरून हात घालायला सीटखाली झाकण असतं. मोटरहोम करताना त्यावर प्लायवूड आणि व्हिनाइल बसतं, कधी त्याच्यावरच बाक किंवा पाण्याची टाकी. झाकण सापडेल या आशेने वरून जमीन कापायचा मोह होतो. कापू नका. त्या प्लायखाली पाण्याच्या नळ्या, केबल आणि गॅसचा पाइप काय-काय गेलं आहे ते वरून दिसत नाही, आणि खाली डिझेलची टाकी आहे. टाकी खालून उतरवा. मग ती बाजूला असताना, खालून बघून, झाकणाएवढी जागा कापून स्क्रूचं झाकण करून ठेवा. पुढच्या वेळी अर्ध्या तासात काम होईल. मी ते केलं आणि या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान त्याचंच आहे.

सेंडर बाहेर काढणं आणि तपासणं

टाकीच्या वरच्या भागात चिखलाचा थर असतो. आधी ब्रशने आणि हवेने तो साफ करा, नाहीतर सगळा टाकीत पडेल. प्लेट कुठल्या दिशेने बसली आहे त्याची खडूने खूण करा. बंद करणारी रिंग पितळेच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्याने हळूहळू फिरवा. लोखंडी छिन्नी नको, ठिणगी आणि रिंगचे कान दोन्ही जातील. सेंडर बाहेर काढताना दांडी तिरकी करून काढावी लागते, जोर लावला तर वाकते.

बाहेर आल्यावर फ्लोट कानाशी हलवा. आत डिझेल खळखळत असेल तर तो गेला. चिकटवून उपयोग नाही, बदला. मग दोन्ही टोकांना मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. आकडा अखंड वाढत किंवा उतरत गेला पाहिजे. मध्येच उसळला किंवा गायब झाला तर पट्टी त्या जागी झिजली आहे किंवा मळली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-बारा वेळा दांडी फिरवून पुन्हा बघा. सँडपेपर लावू नका: नव्या सेंडरची पट्टी चिनी मातीच्या तुकड्यावर दिलेला पातळ थर असते, दोन घासांत निघून जाते. क्लीनरने सुधारलं नाही तर सेंडर बदलायची वेळ खरोखर आली आहे, आणि आता तुम्ही अंदाजाने पैसे घालत नाही आहात.

इंधनही हे स्पर्शक खराब करू शकतं. २००४ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या काही राज्यांत पेट्रोलमध्ये गंधकाचं प्रमाण वाढल्यामुळे चांदीचे स्पर्शक काळे पडून अनेक गाड्यांचे काटे बंद झाले होते. आपल्याकडच्या डिझेल मोटरहोमला दुसराच त्रास असतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, अर्धरिकाम्या टाकीत पावसाळ्यात दमट हवेचं पाणी जमतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो. माझ्या टाकीच्या तळाशी तो होता. टाकी धुऊन घेतली, फिल्टर बदलला. आता जून ते सप्टेंबर गाडी उभी करताना टाकी भरूनच ठेवतो.

मोटरहोममध्येच सापडणारे दोष

माझा दुसरा दोष इथे होता. स्पितीच्या प्रवासाआधी बसवलेल्या डिझेल हीटरसाठी टाकीत वेगळी नळी सोडली होती. ती सेंडरच्या प्लेटपासून चार बोटांवर. टाकी बाहेर काढून सेंडर पुन्हा आत बसवला, भोकातून टॉर्च मारला आणि दांडी हाताने खाली सोडली. फ्लोट खाली आला, नळीला टेकला आणि थांबला. बरोबर पाव टाकीच्या उंचीवर. डिझेल त्याच्या खाली कितीही गेलं तरी फ्लोट तिथेच लटकणार होता. आंबा घाटानंतर काटा पावच्या खाली का गेला नाही, त्याचं उत्तर ते होतं. आणि ज्यांनी ती नळी बसवली, त्यांनी बसवताना टाकी भरलेली असल्यामुळे काटा तपासला तेव्हा तो बरोबरच होता. नळी दुसऱ्या कोपऱ्यात हलवली.

म्हणून तुमच्या गाडीत हीटर किंवा जनरेटरची नळी टाकीत असेल तर सेंडर बसवल्यावर दांडी पूर्ण वर आणि पूर्ण खाली, मोकळी जाते का हे डोळ्याने बघा. टाकीच्या आत हिंदकळणं रोखणाऱ्या पत्र्यालाही ती अडायला नको. आणि एक दोष सापडला की तपास बंद करू नका. मी मलकापूरला अर्थ नीट करून थांबलो असतो तर पुन्हा एकदा रस्त्यावर उभा राहिलो असतो.

कारखान्यातच जनरेटर बसवलेल्या मोटरहोममध्ये त्याची नळी सहसा मुद्दाम उंच ठेवतात, टाकी पावच्या आसपास आली की जनरेटर बंद पडावा आणि गाडीपुरतं इंधन उरावं म्हणून. याचा उपयोग करून घ्या. काटा अर्धा दाखवतोय आणि जनरेटर इंधनाअभावी बंद पडतोय, तर काटा खोटा आहे.

तिसरी गोष्ट, भरण्याची नळी. बॉडी रुंद केली की ती लांबवतात. तिच्याबरोबरची हवेची बारीक नळी दुमडली गेली तर हवा बाहेर जाऊ शकत नाही, पंपाचा नोझल लवकर कट होतो आणि आपण "टाकी फुल" समजून निघतो. काटा पाऊण दाखवतो आणि दोष काट्यावर येतो. नोझल कट झाल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा आठ-दहा लिटर जात असतील तर हवेची नळी बघा. टाकीचं झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा आवाज येत असेल तर झाकणाचा श्वास बंद आहे.

लिटरचा तक्ता

सगळं बसवून झाल्यावर टाकी रिकामीच आहे, ही संधी सोडू नका. पाच-पाच लिटर मोजून भरा, प्रत्येक वेळी इग्निशन बंद, मग चालू, दोन मिनिटं थांबा, काटा कुठे आहे लिहा. टाकीचा आकार खाली निमुळता असतो, चेसिसच्या आडव्या पट्टीसाठी मध्ये खाच असते, म्हणून काट्याचं अर्धं आणि लिटरचं अर्धं क्वचितच एक असतं. माझ्या टाकीत अर्ध्या काट्याला ३९ लिटर आहेत, पण पाव काट्याला १५ च. तळाचं काही डिझेल चढावर नळीपर्यंत पोचत नाही, म्हणून शेवटचे पाच-सहा लिटर मी हिशेबात धरत नाही. काटा सगळीकडे सारखाच थोडा वर-खाली येत असेल तर फ्लोटची दांडी अगदी किंचित वाकवून तो सुधारता येतो, पण मूळ गाडीचा सेंडर असेल तर ती वेळ सहसा येत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत प्रवास करावाच लागला तर ट्रिप मीटरवर चालवा. फुल टाकी ते फुल टाकी तीनदा भरून सरासरी काढा, तीनपैकी सर्वांत कमी आकडा धरा, आणि टाकीतले दोन-तृतीयांश लिटर संपायच्या आत पुढचा पंप गाठायचा नियम ठेवा. हीटरचं डिझेल वेगळं धरा; दोन किलोवॉटचा हीटर तासाला पाव लिटरपर्यंत घेतो, म्हणजे थंडीच्या एका रात्रीत दोन-अडीच लिटर, आणि ते ट्रिप मीटरवर दिसत नाही. लाकडी काठी टाकून बघण्याचा ट्रकवाल्यांचा उपाय मोटरहोमच्या वळणदार नळीत चालत नाही.

तो तक्ता मी कागदावर लिहून, चिकटपट्टी लावून स्टिअरिंगखालच्या कप्प्याच्या झाकणाला आतून लावला आहे. मागच्या महिन्यात पुन्हा आंबा घाटातून आलो. साखरप्याला काटा पावच्या किंचित वर होता. तक्त्यात बघितलं, गाडी पंपावर घेतली. नोझल कट झाला तेव्हा बावन्न लिटर बसले होते.